गोदाकाठी बोट घेताना

जालन्याला आणि बोट? हसलात ना? मैत्रिणींनो, तुमची चूक नाही. जालना म्हटलं की डोळ्यांपुढे येतात त्या मोसंबीच्या बागा, बियाणांची पोती, लोखंडी सळयांचे कारखाने आणि उन्हाळ्यातले टँकर. शहरात पाणी बघायचं तर मोती तलावाच्या काठी जाऊन बसायचं, एवढंच आम्हां जालनेकरांचं समुद्रदर्शन! पण जरा नकाशा उघडून पाहा. १ मे १९८१ ला औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतले तालुके घेऊन हा जिल्हा केला, तेव्हा त्याची दक्षिणेकडची कड गोदावरीनंच आखून दिली. अलीकडे आमचे अंबड आणि घनसावंगी तालुके, पलीकडे बीड जिल्हा. मधे थोरली नदी. आणि नदी म्हणजे नुसती हद्द नसते. अलीकडची मुलगी पलीकडे दिलेली असते, पलीकडच्याचं शेत अलीकडे असतं. माणसांना जावं-यावं लागतंच.

माझ्या नणंदेचं गाव या काठावर आहे, घनसावंगी तालुक्यात. नाव सांगत नाही, कारण पुढे दोन बोटवाल्यांच्या मालाला नावं ठेवायची आहेत! जालन्याहून एसटीनं निघालं की आधी अंबड लागतं. गावाजवळच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी आहे. टेकडीचा आकार माशासारखा म्हणून देवीचं नाव मत्स्योदरी. नवरात्रात इथं पाय ठेवायला जागा नसते. एरवी जाल तर पायऱ्या चढून वर निवांत बसता येतं. पुढे घनसावंगी. तिथून जवळच जांब समर्थ, १६०८ साली रामनवमीला समर्थ रामदास जन्मले ते गाव. जमलं तर उतराच. मग काळी जमीन सुरू होते. दुतर्फा कापूस, मधूनच ऊस, आणि रस्ता असा की मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसावं. शेवटी उसाच्या फडाआडून एकदम रुंद, शांत पाणी दिसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला नदी वाटतच नाही, तळं वाटतं.

तळं वाटतं याला कारण आहे. वर पैठणला जायकवाडीचं धरण १९७६ साली झालं, आणि अलीकडच्या वर्षांत खाली जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे मोठे दरवाजांचे बंधारे झाले. पावसाळ्यात दरवाजे वर, पावसाळा सरताना खाली. त्यामुळे पाणी महिनोन्‌महिने तुंबून राहतं. वन्संच्या सासूबाई सांगतात, त्यांच्या तरुणपणी होळीनंतर नदीत गुडघाभर धार उरायची. वाळूत टरबुजाचे वेल लावलेले असायचे, आणि लुगडं खोचून पलीकडे जायला पाव घटका लागायची. आता त्याच जागी दोन पुरुष पाणी असतं. उसाला पाणी झालं, विहिरींना झालं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण पायवाट मात्र बुडाली. पुलावरून जायचं तर लांबचा वळसा, आणि वाहनाचं भाडं मजुरीतून जाणार.

मग लोक काय करतात? चप्पू! थर्माकोलचे जाड ठोकळे जाळीत नाहीतर खताच्या पोत्यांत बांधायचे, वर बांबूची ताटी ठेवायची, आणि एका दोराला धरून नाहीतर फळीनं पाणी मागे सारत पलीकडे जायचं. काही ठिकाणी गुळाची काहीलसुद्धा वापरतात. कापूस वेचायला जाणाऱ्या सहा बायका, त्यांची भाकरीची गाठोडी, कडेवर एक लेकरू, आणि परतताना ओल्या चप्पूवर अंधार! आमच्या वन्सं दोन हंगाम अशाच गेल्या. पोहता त्यांच्यातल्या दोघींनाच येतं.

२१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जीव गेले. ती तर चांगली मोटरची बोट होती. ती बातमी गोदाकाठीही पोचली. बचत गटाच्या बैठकीत त्या रात्री दुसरा विषयच निघाला नाही. ‘आपन थर्माकोलावर जातो बायांनो,’ एवढंच कुणीतरी म्हणालं. पुढच्या हंगामाच्या आधी गटानं कर्ज काढून जुनी का होईना, मोटरची बोट घ्यायची असं ठरलं. आमचे हे पंपाच्या मोटरी आणि इंजिनं दुरुस्त करतात, म्हणून वन्संचा निरोप आला, ‘वहिनी, त्यांना घेऊन या, आणि तुमीबी या. इंजिन ते बघतील, बाकीचं आपन बघू.’ हे ‘बाकीचं’च जास्त निघालं, बरं का!

काठावर दोन बोटी मांडून ठेवल्या होत्या. पहिली फायबरची, नारिंगी रंगाची, कुठल्याशा तलावावर सहलीच्या लोकांना फिरवून निवृत्त झालेली. तिच्यामागे टांगायचं पेट्रोलचं मशीन, साडेनऊ-दहा हॉर्सपॉवरचं. दुसरी लोखंडी पत्र्याची, वेल्डिंगच्या दुकानात घडवलेली. नाथसागरात मासेमारी करून आलेली. पोटात पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, आपल्या शेतातल्या पंपाला असतं तसलंच. फायबरवाला पत्र्याच्या दीडपट किंमत सांगत होता. गावातल्या पुरुषमंडळींचं मत पहिल्या पाच मिनिटांत ठरलं. लोखंडी घ्या, मजबूत आहे, डिझेल स्वस्तात पडतं, इंजिन बिघडलं तर कोणताही पंपवाला नीट करतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच नीट बघायला हवं होतं.

जुनी वस्तू घेताना रंग ताजा दिसला की मी सावध होते. भांड्याला कल्हई कधी करतात ते आपल्याला ठाऊक असतं! पत्र्याच्या बोटीला हिरवा रंग इतका नवा होता की हाताला वास येत होता. माझ्या शिवणाच्या डब्यात सांडलेल्या सुया उचलायचं लोहचुंबक असतं, ते मी नेलं होतं. तळाला, वेल्डिंगच्या सांध्यांवर आणि कोपऱ्यांत ते फिरवत गेले. लोखंडावर चटकन चिकटायचं. दोन ठिकाणी चिकटलंच नाही. त्या जागी पत्रा नव्हताच, गाडीच्या पोचे भरतात ती लांबी भरून वर रंग दिलेला होता. मालक मामा भले गृहस्थ. ते म्हणाले, ‘बाई, तिथं गंजलं होतं खरं, पन पाणी येत नाही.’ येत नसेलही. पण लांबी ही मलमपट्टी आहे, पत्रा नव्हे. दगडावर एकदा घासली की निघून येणार. आतल्या फळ्या उचलून खालचा तळही पाहावा, कारण पत्रा बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजतो. साचलेलं पाणी तिथंच राहतं ना!

फायबरला चुंबकाचा उपयोग नाही. तिथं रुपयाचं नाणं घ्या आणि माठ विकत घेताना वाजवता तसं सगळीकडे वाजवत जा. आवाज टणक आणि सारखा आला पाहिजे. मधेच भद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत असं समजा. बारीक केसासारख्या रेषा सगळ्याच जुन्या बोटींना असतात. त्यांनी घाबरू नका, पण एका जागेपासून चांदणीसारख्या पसरलेल्या रेषा दिसल्या तर तिथं जोराचा मार बसलेला असतो. या बोटीचा तळ चांगला वाजला. खोट निघाली ती मागच्या फळीत. मशीन ज्या फळीला अडकवतात तिच्या आत लाकूड असतं आणि वरून फायबर. बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपून ते लाकूड आतल्या आत कुजतं. ह्यांनी मशीनची दांडी धरून खाली दाब दिला, तर फळी किंचित लवली. बोल्ट काढला तेव्हा भोकातून ओला, काळसर भुसा आला. मालकाचा चेहराच उतरला!

मशीन पाहायचं तर एक युक्ती लक्षात ठेवा. चालू करायच्या आधी त्याच्या टोपणावर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी चालवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना सुरू होत नसणार. आमचं थंड होतं. हे मशीन पाण्याबाहेर चालवून दाखवतो म्हणणाऱ्याला हात जोडावेत, कारण आतला रबरी पंखा पाणी ओढून इंजिन थंड ठेवतो आणि कोरडा फिरला तर जळतो. पाण्यात चालू केल्यावर बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची सरळ धार पडली पाहिजे. धार नाही म्हणजे इंजिन तापणार. शेवटी खालच्या दांड्यातलं तेल. तळाचा स्क्रू सैल करून चार थेंब बशीत घ्या. तेल तेलासारखं दिसलं तर ठीक, दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. आमच्या बशीत चहा आला! पंख्यामागे तुटक्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा गुंडाळला गेला होता, त्यानं सील कापलं होतं. काम फार खर्चाचं नाही, पण किंमत पाडायला उपयोगी.

डिझेल इंजिनात मात्र ह्यांना खोट सापडली नाही. दोन फिरक्यांत सुरू झालं, धूर साफ. पंख्याचा दांडा बोटीच्या तळातून जिथं बाहेर जातो तिथं ग्लँड असते, पंपाला असते तशीच. तिथून थेंब थेंब गळलं तर चालतं, धार लागली तर दोरी बदलायची. इथं थेंबच होते. पुरुषमंडळी खूश झाली. तेवढ्यात वन्संनी विचारलं, ‘आन् आमी बसायचं कुठं?’

खरंच, कुठं? इंजिन मधोमध. त्याचं जड चाक उघडं, बाजूला पट्टा फिरतोय, दोन्हीकडे वीतभर जागा. सहा बायका, सहा पदर, वाऱ्यानं उडणाऱ्या ओढण्या आणि पोरींच्या वेण्या. मळणीयंत्रात पदर अडकल्याच्या गोष्टी कुठल्या गावात नाहीत? नाथसागरात दोन कोळीदादा अंगात बनियन आणि खाली चड्डी घालून ही बोट चालवत होते, त्यांना त्या चाकाचं काही नव्हतं. जाळी बसवून घेता येईल असं मामा म्हणाले. येईल. पण तिथं आणखी एक माणूस बसायची जागा जाईल.

यानंतरची परीक्षा पोहता न येणाऱ्या एका बाईनं सुचवली. ‘बुडवून बघू की!’ सगळे तिच्याकडे बघायला लागले. पण यासारखी परीक्षा दुसरी नाही, आणि बोट घेणाऱ्या प्रत्येकीनं ती करावी असं माझं ठाम मत आहे. बोट कशी तरंगते हे दुकानदार दाखवतोच. पाणी भरल्यावर ती काय करते हे आपण बघायचं. कारण वाईट दिवशी तीच बोट तुमच्या हाताशी असणार.

फायबरच्या बोटीचं मशीन काढून काठावर ठेवलं. कमरेइतक्या पाण्यात तिला नेलं आणि बायकांनी बादल्यांनी पाणी भरायला सुरुवात केली. काठोकाठ भरल्यावर ती खाली गेली, तिचे काठ पाण्याबरोबर आले, आणि तिथंच थांबली. बुडाली नाही. हिच्या बाकांच्या आत बंद कप्पे आहेत आणि त्यांत फोम भरलेला आहे. चौघी जणी चारी बाजूंनी काठाला लोंबकळल्या, तरी तिनं त्यांना धरून ठेवलं. ती तशीच ठेवून आम्ही भाकरी खाल्ली. मग पाणी उपसून आठ जणींनी तिला उचलली. आधीही उचलली होती, वजन तेवढंच लागलं. म्हणजे कप्प्यांत पाणी शिरत नाही. जुन्या बोटीत हा फोम पाणी पिऊन बसलेला असतो. तेव्हा बोट दिसायला चांगली पण उचलायला दगड, आणि वेळेला तरंगत नाही ती वेगळीच.

पत्र्याच्या बोटीचं इंजिन शंभर किलोच्या वर, ते काढता येईना. मामांनी पाणी भरू दिलं नाही. ‘भरल्यावर जाईलच की खाली, लोखंड हाय ते,’ म्हणाले. प्रामाणिक उत्तर. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

संध्याकाळी ओट्यावर वाद झाला, चांगला दोन तास. पेट्रोलचा खर्च कसा झेपणार हा मुद्दा सासूबाईंनी लावून धरला होता. त्यावर ह्यांनी हिशेब मांडला. पलीकडे जायला लागतात काही मिनिटं. दिवसाकाठी दोन-तीन खेपा. दिवसभर जाळी घेऊन फिरणाऱ्या कोळ्याला पेट्रोल परवडणार नाही, त्यानं पत्र्याचीच बोट घ्यावी. नुसतं पार जाणाऱ्याला इंधनात पडणारा फरक थोडा. शिवाय पाणी थिर असेल त्या दिवशी हलकी बोट वल्ह्यांनी नाहीतर बांबूनंही जाते. पत्र्याच्या बोटीला वल्हं मारणं म्हणजे भिंतीला वल्हं मारणं! पुराचाही प्रश्न होताच. २००६ चा आणि २०२५ चा पूर या काठानं पाहिलाय. वरून पाणी सोडणार असं कळलं की बोट ओढून उंचावर न्यावी लागते. पुरुष रानात नाहीतर ऊसतोडीला गेलेले असले, तर घरात असणाऱ्या बायकांना ती उचलता आली पाहिजे. आठ जणींनी उचलली हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

राहिलं मशीन सुरू करणं. ‘दोरी ओढायचं काम बायांचं नव्हं,’ असं फायबरवाला म्हणाला. वन्सं काही बोलल्या नाहीत. सकाळी पदर खोचून बसल्या. ह्यांनी सांगितलं, आधी दोरी हळू ओढा, आत पकडल्यासारखं वाटलं की मग हिसका, आणि तो हाताचा नको, पाठीचा. जातं ओढणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. पाचव्या हिसक्याला मशीन बोलायला लागलं. मग प्रत्येकीनं ओढून पाहिलं. दोघींना नाही जमलं, चौघींना जमलं. त्यांतल्या दोघींनी चालवायचं शिकून घ्यायचं असं ठरलं. एकच शिकली तर ती आजारी पडल्यावर काय करणार?

फायबरची बोट घेतली. फळीचं आणि तेलाचं काम दाखवून किंमत चांगली खाली आणली, तो भाग वन्संनी केला. भाव करण्यात त्यांचा हात धरणारं जालन्याच्या बाजारातही कुणी नाही. फळी ह्यांनी एका फायबरची दारं करणाऱ्या कारागिराकडून नव्या लाकडाची करून घेतली. मशीनला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, पन्नासास एक, म्हणजे लिटरला वीस मिली. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं दहा मिलीचं टोपण दोनदा भरलं की झालं. कॅनला ते दोऱ्यानं बांधून ठेवलंय. दगडाला पंखा लागला तर तुटणारी बारीक पिन असते, तिचे चार जादा नग हळदीच्या जुन्या डबीत. मशीन बंद करायची लाल दोरी चालवणारीच्या मनगटात असलीच पाहिजे. ती पाण्यात पडली तर मशीन आपोआप थांबतं, नाहीतर फिरता पंखा तिच्याच अंगावर यायचा.

लाइफ जॅकेटं मात्र नवीच घ्या, यात काटकसर नको. जुन्या जॅकेटाचे पट्टे कुजलेले असतात आणि शिवण हाताला येते. शिवणकाम येणाऱ्या बाईला ते एका नजरेत कळतं. पायांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या. तो नसला तर पाण्यात जॅकेट वर सरकून कानांशी येतं आणि बाई खाली राहते. नऊवारी असली तर काहीच अडचण नाही. गोल साडीवर हा पट्टा बसत नाही. म्हणून आमच्या गटातल्या धाकट्या सुना आता बोटीत बसताना सलवार घालतात, आणि सासूबाईंनी त्याला आक्षेप घेतलेला नाही, हीसुद्धा एक बातमीच!

कागदाचंही सांगते, कारण घाईत ते राहून जातं. यंत्राच्या बोटीची नोंदणी करावी लागते. नदी-तलावांतल्या बोटींचा १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा आला आहे, आणि आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतं. विकणाऱ्याकडून आधीचे कागद मागा, मशीनवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून पाहा, आणि व्यवहार स्टॅम्पपेपरवर करा. गोदावरीत चोरून वाळू उपसणाऱ्यांच्या बोटी महसूल खातं पकडतं आणि नष्ट करतं. तसली बोट रंग देऊन तुमच्या गळ्यात पडली तर कर्ज फेडायचं तुम्ही, आणि बोट जाळताना बघायचंही तुम्हीच. तळात वाळूचे ओरखडे, मोठा पंप बसवल्याच्या खुणा, पाइपासाठी पाडलेली भोकं दिसली तर किंमत न विचारता घरी जा.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा कापूस फुटला होता. बोट उंबराला दोन दोरांनी बांधलेली. एक रोजचा, एक जादा. पाणी चढलं तर सैल सोडता यावा म्हणून दोर लांब ठेवलाय. सकाळी पलीकडे जाऊन आले मी. मधोमध मशीन बंद केलं तेव्हा दोन्ही काठ सारखेच लांब दिसले. पाणी इतकं गप्प की पलीकडच्या बीड जिल्ह्यातल्या शेतात कुणी हाका मारतंय ते ऐकू येत होतं. तुम्ही गेलात तर मार्गशीर्षात जा. ऊन कोवळं असतं, आणि काठावरच्या ओल्या गाळात बगळे अगदी जवळ येऊ देतात.

बोटीच्या आतल्या बाजूला वन्संनी पांढऱ्या रंगानं लिहून घेतलंय, ‘आठ माणसं’. काठ पाण्यापासून वीतभर वर राहिलाच पाहिजे, असा नियम. हा आकडा आठ जणींना बसवून, वीत लावून काढलाय. कडेवरचं मूल अर्धं धरायचं की पूर्ण, यावर बैठकीत मतं घेतली, आणि पूर्ण धरायचं ठरलं. शेळीचं मात्र अजून ठरलेलं नाही. जिच्याकडे शेळ्या आहेत ती म्हणते, शेळी माणूस नाही.